टॉवेल बुडाखाली, नजर चेहऱ्यावर

गेल्या अंकात आम्ही जर्मनीतल्या ‘फ्रायक्योर्परकुल्टुअर’बद्दल, म्हणजे मुक्तदेह संस्कृतीबद्दल लिहिलं होतं. बोलीत तिला नुसतं एफकेके म्हणतात. तिथे समुद्रकिनाऱ्यावर, तळ्याकाठी, सौनात (घाम काढण्याच्या तापवलेल्या लाकडी खोलीत) सगळ्या वयाचे आणि सगळ्या आकारांचे प्रौढ लोक कपड्यांविना वावरतात. त्यातून आपल्या शरीराकडे बघण्याची नजर कशी सैलावते, असा लेखाचा विषय होता. त्यावर आलेल्या पत्रांपैकी काहींना इथे उत्तरं देत आहोत. पत्रलेखकांची नावं अर्थातच काढून टाकली आहेत. काही पत्रांत नुसत्या शिव्या होत्या. त्यांतलं एक मुद्दाम ठेवलं आहे. आधी पत्र, त्याच्या खाली आमचं उत्तर.

आम्ही दोन वर्षं स्टुटगार्टला आहोत. यांच्या ऑफिसातलं एक जर्मन जोडपं आम्हाला शनिवारी थर्मल बाथला बोलावतंय. तिथल्या सौना विभागात पोहण्याचे कपडेसुद्धा चालत नाहीत म्हणे, आणि बायका-पुरुष एकत्र! माझं सिझेरियन झालंय, पोट सुटलंय, गळ्यात मंगळसूत्र. नाही म्हटलं तर वाईट दिसेल का? आणि गेलेच तर नेमकं करायचं काय?

नाही म्हटलं तर अजिबात वाईट दिसत नाही. जर्मन माणसाला सरळ ‘नको’ आवडतं. आडूनआडून ‘बघू, जमलं तर’ म्हणणंच त्याला कळत नाही. बहुतेक थर्मल बाथमध्ये दोन स्वतंत्र विभाग असतात. एका भागात गरम पाण्याचे तलाव असतात, तिथे पोहण्याचे कपडे सक्तीचे. दुसरा भाग सौनाचा, तो ‘टेक्स्टिलफ्राय’, म्हणजे वस्त्रमुक्त. तिकीटसुद्धा वेगळं काढता येतं. तुम्ही पाण्यात थांबा, ते सौनात जाऊन येतील आणि जेवायला सगळे एकत्र बसाल. आणखी एक वाट आहे. पुष्कळ ठिकाणी आठवड्यातला एक दिवस ‘डामेनसौना’ असतो, म्हणजे फक्त बायकांचा. पहिल्यांदा त्या दिवशी एकटीने जाऊन बघितलंत, तर कोण काय म्हणेल हा निम्मा भार हलका होतो.

आता जायचंच ठरलं तर. बरोबर दोन मोठे टॉवेल घ्या. त्यांतला एक निदान ८० बाय १८० सेंटिमीटरचा हवा, कारण सौनाच्या लाकडी फळीवर तुमच्या अंगाचा कुठलाही भाग थेट टेकता कामा नये. पाऊलही नाही. घाम लाकडावर पडू द्यायचा नाही, हा तिथला पहिला धडा. नव्या माणसाला टोकलं जातं ते नेहमी यावरूनच, पोटावरून कधीच नाही. दुसरा टॉवेल अंग पुसायला. शिवाय एक बाथरोब आणि रबरी चपला. कपडे बदलायला बंद केबिन असतात. तिथून बाथरोब घालूनच बाहेर पडायचं. बाथरोब उतरतो तो शॉवरखाली आणि सौनाच्या दारापाशी, तेवढाच. खाण्याच्या जागी, जाण्यायेण्याच्या वाटेवर लोक तो घालूनच असतात. म्हणजे सगळा वेळ उघडं फिरायचं असतं असं जे चित्र तुमच्या डोळ्यांसमोर आहे, ते मुळातच चुकीचं आहे.

पोहण्याचे कपडे का चालत नाहीत? फिनिश पद्धतीच्या सौनात हवा ८० ते १०० अंश सेल्सिअस असते. घाम त्वचेवरून उडून जाऊ लागला तरच अंग थंड राहतं. नायलॉन-इलॅस्टिकचं कापड तो धरून ठेवतं, अंगाला चिकटतं आणि तलावातलं क्लोरीन त्याच्यासोबत आत येतं. नियमाच्या मुळाशी एवढंच आहे.

मंगळसूत्राचं मात्र मनावर घ्या. सोनं उष्णता झपाट्याने ओढतं, आणि वाट्या छातीवर टेकलेल्या असतात. चटका बसू शकतो. बांगड्या, कानातलं, नाकातली चमकी, धातूच्या फ्रेमचा चष्मा, सगळं बाहेर. जोडवी वर्षानुवर्षं निघाली नसतील तर आदल्या रात्री कोमट पाण्यात पाय बुडवून साबण लावा आणि फिरवत फिरवत काढा. लॉकरसमोर उभं राहून ओढाताण नको. मंगळसूत्र नजरेआड करायचं नसेल तर कापडी बटव्यात घालून बाथरोबच्या खिशात ठेवा. पण बाथरोब बाहेर खुंटीवर टांगलेला असतो, तेव्हा लॉकरच बरा.

आधी साबणाने अंघोळ करायची आणि अंग कोरडं करायचं. ओलं अंग उशिरा घामतं. पहिल्यांदाच जात असाल तर ४५ ते ६० अंशांच्या ‘बायोसौना’पासून सुरुवात करा. नाहीतर गरम सौनात सर्वांत खालच्या फळीवर बसा, वर हवा फार तापलेली असते. ८ ते १० मिनिटं पुरेत. शेवटची दोन मिनिटं पाय खाली सोडून ताठ बसायचं. हे न करता आडवं असलेलं माणूस एकदम उठलं की रक्तदाब पडतो आणि दारातच भोवळ येते. बाहेर आल्यावर दोन मिनिटं मोकळी हवा. मग गार पाणी पावलांपासून सुरू करून वर न्यायचं. थंड हौदात उतरण्याआधी घाम धुवायलाच हवा. नंतर १५-२० मिनिटं बाथरोब गुंडाळून पडून राहायचं. अशा दोन फेऱ्या पहिल्या दिवसाला पुष्कळ झाल्या. उपाशीपोटी जाऊ नका, भरपेट जेवूनही नको. बाहेर आल्यावर निदान अर्धा लिटर पाणी प्या. रक्तदाबाच्या गोळ्या चालू असतील किंवा इन्शुलिन घेत असाल तर आधी डॉक्टरांना विचारा. उष्णतेने इन्शुलिन रक्तात नेहमीपेक्षा लवकर शोषलं जातं आणि साखर अचानक उतरू शकते.

मधूनच एक कर्मचारी येऊन तापलेल्या दगडांवर सुगंधी पाणी ओततो आणि टॉवेल फिरवून गरम वाफ सगळ्यांवर ढकलतो. याला ‘आऊफगुस’ म्हणतात. तो सुरू असताना मध्येच दार उघडणं शिष्टाचाराला धरून नाही. पण जीव घाबरला तर शिष्टाचार गेला चुलीत, सरळ बाहेर या.

राहिला सिझेरियनचा व्रण. भरलेल्या व्रणाला उष्णतेने काही होत नाही. तिथल्या फळीवर बसल्यावर शेजारी बायपासची उभी रेघ दिसेल, गुडघा बदलल्याची खूण दिसेल, सत्तरीतल्या आजींची ओघळलेली पोटं दिसतील. पहिली दहा मिनिटं नजर कुठे ठेवावी ते समजत नाही. बोलणाऱ्याच्या चेहऱ्याकडे बघा, नाहीतर भिंतीवरच्या वाळूच्या घड्याळाकडे. दहा मिनिटांनंतर डोळा आपोआप कंटाळतो, आणि हा कंटाळाच कामाचा आहे. आपण वर्षानुवर्षं बघितलेली उघडी शरीरं जाहिरातींतली, निवडून घेतलेली, छायाप्रकाशात बसवलेली. खरी शरीरं एका वेळी पंधरा-वीस अशी कधी पाहायलाच मिळत नाहीत.

वय ४१, पुण्याहून पुढच्या महिन्यात बर्लिनला बदली. जिममध्येही मी टॉवेल गुंडाळूनच कपडे बदलतो. दोन भीती आहेत. पहिली, नको तेव्हा ताठरता आली तर? दुसरी, इतरांच्या मानाने मी फारच लहान असेन. दोन्ही हास्यास्पद वाटतील, पण विचारतो.

हास्यास्पद कशाला? या विषयावर पुरुष पत्र लिहितात तेव्हा दहांतले आठ हेच विचारतात.

पहिलीचं उत्तर: असं क्वचित होतं. गरम हवा, अनोळखी माणसं आणि संकोच हे तिन्ही त्याच्या उलट दिशेने काम करतात. झालंच तर पोटावर पालथं पडा, मांडीवर टॉवेल घ्या किंवा गार पाण्यात उतरा. मिनिटा-दोन मिनिटांत प्रश्न सुटतो. शरीराच्या प्रतिक्रियेबद्दल कुणी कुणाला दोष देत नाही, ती मिरवण्याबद्दल मात्र थेट हाकलून देतात. हा फरक तिथे फार कडकपणे पाळला जातो.

दुसरीचं उत्तर आकड्यांत देतो. २०१५ मध्ये लंडनमधल्या संशोधकांनी आधीच्या अभ्यासांतली १५,५२१ पुरुषांच्या लिंगाच्या लांबीची मोजमापं एकत्र केली. ती सगळी डॉक्टर-नर्सनी घेतलेली होती, कुणी स्वतः सांगितलेली नव्हती. शिथिल अवस्थेतली सरासरी ९.१६ सेंटिमीटर आणि ताठ अवस्थेतली १३.१२ निघाली. शिथिल लांबीवरून दुसरीचा अंदाज नीट बांधता येत नाही, आणि थंडीत, भीतीत ती आणखी आक्रसते. गार हौदातून बाहेर येणारा कुठलाही पुरुष बघा. शिवाय आपण स्वतःला नेहमी वरून खाली बघतो आणि दुसऱ्याला समोरून. वरून बघितलेली कुठलीही गोष्ट आखूडच दिसते. पोट पुढे आलं असेल तर आणखीच.

पण पत्रात तुम्ही असंही लिहिलं आहे की रोज तास-दीड तास याच विचारात जातो आणि मोजपट्टी घेऊन मोजता. हे मात्र लाजेच्या पलीकडचं आहे. शरीराच्या एखाद्या भागाबद्दल रोज तासाहून अधिक वेळ विचार, पुन्हा पुन्हा तपासणं, लोकांत जाणं टाळणं, ही देहविकृतीच्या भ्रमाची (बॉडी डिसमॉर्फिक डिसऑर्डर, म्हणजे नसलेलं किंवा किरकोळ व्यंग मोठं वाटत राहण्याचा आजार) लक्षणं असू शकतात. मानसोपचारात त्याला उपचार आहेत आणि ते लागू पडतात. अशा वेळी वस्त्रमुक्त जागी जाऊन ‘भीती मोडू’ असं ठरवलं तर माणूस तिथेही मनातल्या मनात मोजत बसतो आणि जास्तच खचून परततो. आधी समुपदेशन. भारतात असेपर्यंत ‘टेलि-मानस’चा १४४१६ हा सरकारी क्रमांक विनाशुल्क आहे, मराठीतही बोलता येतं.

मी ५२ वर्षांची, सांगलीकडची. तुमच्या त्या उघड्यावागड्या क्लबांशी मला काही देणंघेणं नाही. पण लेखात लिहिलं होतं की एक स्तन काढलेल्या बायकाही तिथे निवांत बसतात. ते वाचून रात्रभर झोप लागली नाही. माझं ऑपरेशन होऊन दीड वर्ष झालं. अजून न्हाणीघरातला आरसा मी टॉवेलने झाकते. ह्यांच्यासमोर तर दिवा मालवल्याशिवाय ब्लाउज काढत नाही.

ताई, क्लबात जायची तुम्हाला काहीच गरज नाही. त्या बायकांना जे साधतं ते घरच्या आरशासमोरही साधतं, फक्त टप्प्याटप्प्याने. आरशाचा हा सराव समुपदेशनात सर्रास वापरतात, आणि त्याचे नियम ठरलेले आहेत.

आरसा अंगभर दिसेल असा हवा. कपाटाच्या दारावरचा चालेल. तीन फूट लांब उभं राहायचं, जवळ नाही. जवळून फक्त व्रण दिसतो, लांबून माणूस दिसतं. सुरुवातीचे चार-पाच दिवस अंगात गाउन किंवा परकर-ब्लाउज असू द्या. पावलांपासून सुरुवात करून सावकाश वर यायचं आणि जे दिसतं ते मोठ्याने बोलायचं. बोलताना ‘भयंकर’, ‘विद्रूप’ नको आणि ‘सुंदर’ही नको. पंचनामा लिहिणाऱ्या हवालदारासारखं बोला: ‘पोटऱ्यांवर निळसर शिरा आहेत. डावा खांदा थोडा पुढे आलाय. उजव्या बाजूला काखेपासून मध्यापर्यंत आडवी रेघ आहे, वीतभर असेल, फिकट गुलाबी, काखेकडे जरा ओढलेली. तिच्या खाली त्वचा चपटी आहे.’ एवढंच. मग एकेक वस्त्र कमी करत न्या. घाई नाही, कुणी परीक्षा घेत नाही.

आरशासमोर उभं राहायच्या आधी अस्वस्थपणाला ० ते १० मध्ये आकडा द्या आणि कागदावर लिहा. समजा ८ आहे. तर तो ४ वर येईपर्यंत आरशासमोरून हलायचं नाही. साधारण १० ते १५ मिनिटं लागतात. इथेच बहुतेक जणींचं चुकतं. आकडा ९ वर गेला, रडू फुटलं आणि त्या टॉवेल टाकून बाहेर पडल्या. मग मनाची खात्री पटते की आरसा धोक्याचाच होता, पळालो म्हणून वाचलो. रडा, पण तिथेच उभं राहून रडा. ९ सहन होत नसेल तर एक पायरी मागे या, पुन्हा ब्लाउज घाला, पण आरसा सोडू नका. आठवड्यातून तीन-चार वेळा, दीड-दोन महिने. व्रण चिमटीत धरून बघणं आणि जुने फोटो शेजारी ठेवणं या दोन गोष्टी मात्र करायच्या नाहीत.

स्पर्शाचं वेगळं. शल्यविशारदाची हरकत नसेल तर दिवसातून दोनदा पाच-पाच मिनिटं खोबरेल तेलाच्या बोटाने रेघेवर लहान लहान गोल फिरवा. खाली चिकटलेली त्वचा सैल होते, हात वर न्यायला सोपं जातं. काही जागी बधिरपणा राहतो, कारण ऑपरेशनमध्ये तिथल्या संवेदनेच्या नसा कापल्या जातात. तिथे काहीच जाणवलं नाही तर घाबरू नका. पण रेघेवर नवी गाठ, लाली, स्राव किंवा त्या बाजूच्या हाताला सूज आली तर त्याच आठवड्यात डॉक्टरकडे. काखेतल्या गाठी काढल्या असतील तर वाफेची खोली आणि कडकडीत पाण्याची अंघोळ डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको, त्या उष्णतेने हाताची सूज बळावू शकते.

यजमानांचं. आपली खात्री होईपर्यंत दिवा मालवा, काही बिघडत नाही. पुढे एखाद्या दिवशी त्यांना आरशाशेजारी खुर्चीत बसायला सांगा, तुम्ही कपड्यांत असतानाच. त्यांनी काही बोलायचं नाही, ‘मला काही फरक पडत नाही’ हेसुद्धा नाही. पुरुष हे वाक्य प्रेमानेच म्हणतात, पण ऐकणारीला ते आपलं दुःख खोडून टाकल्यासारखं लागतं.

आणि ब्लाउजमध्ये बसवायचा सिलिकॉनचा कृत्रिम स्तन हा बाहेर जाताना आकार नीट बसावा म्हणून असतो, दोन्ही खांद्यांवरचं वजन सारखं राहावं हाही त्याचा उपयोग आहे. घरात जड होत असेल तर सुती विणलेला हलका मिळतो. काहीच न घालणं हाही पर्याय आहे.

लंडनमध्ये शिकतो, वय २७. हातापायांवर, पाठीवर आणि कमरेखाली कोड आहे. इथल्या एका नॅचुरिस्ट (कपड्यांविना वावरणाऱ्यांच्या) गटाच्या बंद तलावातल्या पोहण्याला दोनदा जाऊन आलो आणि बरं वाटलं. आता ते ब्रायटनच्या किनाऱ्यावर बोलावतायत. उन्हाने डाग वाढतील का?

डाग उन्हाने थेट वाढत नाहीत, भाजल्याने वाढू शकतात. कोडाच्या जागी रंगपेशी नसतात, त्यामुळे ती त्वचा तुमच्या सावळ्या अंगाच्या मानाने फार लवकर भाजते. आणि जिथे त्वचेला इजा होते, मग ती भाजण्याची असो, खरचटण्याची असो की घट्ट इलॅस्टिक घासण्याची, तिथे नवा डाग उमटण्याची प्रवृत्ती कोडात असते. कमरपट्ट्याच्या रेषेवर डाग आधी येतात ते यामुळेच. या एका बाबतीत कपडे न घालणं तुमच्या फायद्याचंच आहे म्हणा.

एसपीएफ ५० चं, अतिनील-ए किरणही अडवणारं सनस्क्रीन घ्या. खरी गोम प्रमाणात आहे. बाटलीवरचा आकडा दर चौरस सेंटिमीटरला २ मिलिग्रॅम लावून काढलेला असतो. पूर्ण उघड्या अंगाला याचे ३० ते ३५ मिलिलिटर होतात, म्हणजे चहाचे सहा-सात चमचे. लोक त्याच्या निम्मंही लावत नाहीत आणि मग क्रीम भिकार निघालं म्हणतात. दर दोन तासांनी आणि पाण्यातून बाहेर आल्यावर पुन्हा. १०० मिलिलिटरची बाटली एका दुपारीच संपते. निघायच्या आधी खोलीतच लावा, १५-२० मिनिटं जिरू द्या. नितंब, जांघा, लिंगाची त्वचा, पावलांचा वरचा भाग हे विसरले जातात, आणि जन्मात ऊन न पाहिलेली त्वचा पहिल्याच दिवशी सोलवटते. अतिनील निर्देशांक (यूव्ही इंडेक्स) ३ किंवा जास्त असेल तर दुपारी ११ ते ३ छत्रीखाली. आणखी एक: आजूबाजूची त्वचा काळवंडली की डाग अधिक उठून दिसतात. ते वाढलेत असं समजून धसका घेऊ नका.

ब्रायटनचा किनारा १९८० पासून नॅचुरिस्टांसाठी आहे. तो वाळूचा नाही, गोट्यांचा आहे. पाण्यात घालायच्या जाड तळाच्या चपला नसतील तर सगळी दुपार शरीराच्या स्वीकारापेक्षा तळपायांच्या शोकातच जाईल.

कुणी विचारलंच तर एक वाक्य पाठ ठेवा: ‘त्वचेतला रंग गेलाय, संसर्ग नाही, दुखत नाही.’ त्यापुढे खुलासा देणं लागत नाही.

हे सगळे गोऱ्यांचे थेर आहेत. तुमच्यासारख्या मासिकांना मराठी संस्कृतीची चाड उरलेली नाही. — एक संतप्त वाचक

थेर गोऱ्यांचेच, पण सुरुवात मात्र आपल्या अंगणात झाली. नॅचुरिस्टांच्या इतिहासात ज्याला पहिला संघटित क्लब मानतात तो १८९१ साली ठाण्यात निघाला. चार्ल्स क्रॉफर्ड नावाचे तिथले जिल्हा न्यायाधीश, आणि एका मिशनऱ्याचे दोन मुलगे, एवढेच तीन सभासद. जमायचे माथेरानला. क्रॉफर्डसाहेबांची रत्नागिरीला बदली झाली आणि क्लब आटोपला. बदलीने बंद पडलेली ही काही आपल्याकडची शेवटची संस्था नव्हे.

आणि मराठी मासिकांची परंपरा काढलीत म्हणून. रघुनाथ धोंडो कर्व्यांचं ‘समाजस्वास्थ्य’ १९२७ ते १९५३ चाललं. मुखपृष्ठावर नग्न स्त्रीचित्रं असत. १९३४ मध्ये त्यांच्यावर खटला झाला तो याच प्रकारच्या सदरासाठी, वाचकांच्या लैंगिक शंकांना दिलेल्या उत्तरांसाठी. त्यांची बाजू कोर्टात मांडली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी. कर्वे खटला हरले, पण सदर बंद केलं नाही.

एक मात्र मान्य. ‘आपल्याकडे नागा साधू होतेच, दिगंबर मुनी होतेच’ असा युक्तिवाद या विषयाचे हौशी लोक करतात, तो आम्हाला पटत नाही. नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या कुंभातला नागा साधू किंवा दिगंबर मुनी वस्त्र सोडतो ते देहाची आसक्ती सोडण्यासाठी. एफकेकेवाला देहाशी समेट करू बघतो. दोघांची दिशाच उलटी आहे. त्यापेक्षा कोल्हापूरच्या तालमीतला लंगोट जवळचा. तिथे पोट, व्रण, फुगलेले कान सगळ्यांचे सगळ्यांना दिसतात आणि त्यावर चर्चा होते ती फक्त डाव नीट बसला की नाही एवढ्यापुरती.

‘शरीर आहे तसं स्वीकारा’ म्हणजे लठ्ठपणाला मोकळं रान नाही का? माझी एचबीए१सी (रक्तातल्या साखरेची तीन महिन्यांची सरासरी) ७.८ आहे, मानेमागे काळे पट्टे आहेत. ते पण स्वीकारू?

काळे पट्टे घासून घासून धुणं बंद करा, हे आधी. मानेमागे, काखेत, जांघेत मखमलीसारखी जाड काळी त्वचा हा मळ नसतो, इन्शुलिनला शरीर दाद देत नसल्याची ती खूण असते. ६.५ किंवा त्याहून जास्त एचबीए१सी म्हणजे मधुमेह. डॉक्टरांकडे जा, औषध घ्या, कंबर मोजा. भारतीय पुरुषाला ९० आणि बाईला ८० सेंटिमीटर ही धोक्याची रेघ. हे सगळं करायला स्वतःची किळस येण्याची गरज नाही. उलट किळस आलेला माणूस वजनकाट्याला आणि दवाखान्याला सारखाच टाळतो. स्वीकार म्हणजे जे आहे ते डोळे उघडे ठेवून बघणं, ७.८ हा आकडासुद्धा.

जाता जाता: जांघा, काखा आणि गुप्तांगांची त्वचा बाकी अंगापेक्षा गडद असणं मखमली जाडपणा नसेल तर अगदी नेहमीचं आहे. ती उजळवायला स्टेरॉइडची क्रीमं लावून त्वचा पातळ झालेले, पुरळ आलेले लोक त्वचारोगतज्ज्ञांकडे रोज येतात.

या प्रकाराने आत्मविश्वास वाढतो याला काही पुरावा आहे का, की नुसता प्रचार?

थोडा आहे. लंडनच्या गोल्डस्मिथ्समधले मानसशास्त्रज्ञ किऑन वेस्ट यांनी २०१८ मध्ये ८४९ ब्रिटिश लोकांची पाहणी प्रसिद्ध केली. नॅचुरिस्ट कार्यक्रमांना जास्त जाणारे आपल्या शरीराबद्दल आणि आयुष्याबद्दल जास्त समाधानी आढळले. पण मुळात समाधानीच लोक जात असतील, ही शंका उरतेच. म्हणून पुढे त्यांनी ५१ जणांना चिठ्ठ्या टाकल्यासारखं दोन गटांत वाटलं. एक गट कपड्यांत गप्पा मारत बसला, दुसरा कपड्यांविना. दुसऱ्या गटात शरीराबद्दलची आपुलकी वाढली, आणि ती ‘लोक माझ्या अंगाकडे बघून काय म्हणतील’ ही धास्ती कमी झाल्यामुळे. ५१ ही संख्या लहान आहे आणि सगळे आपणहून तयार झालेले होते. दडपणाखाली गेलेल्या माणसाला यातलं काही लागू होत नाही.

नवऱ्याला क्रोएशियाच्या सहलीत न्यूड बीचवर जायचंय. मला नाही. तो म्हणतो तू स्वतःच्या शरीराचा तिरस्कार करतेस.

तिरस्कार नसतानाही माणूस कपडे घालून राहू शकतं. नवऱ्याला एकट्याने जाऊ द्यायचं की नाही हे तुमचं तुम्ही ठरवा. पण तुम्हाला बरोबर नेण्यासाठी ‘स्वीकार’ हा शब्द तो काठीसारखा वापरत असेल तर ते साफ चूक आहे. काही जाणत्या क्लबांतही नव्या जोडप्याला वेगवेगळं विचारतात: तुम्ही स्वतःहून आलात का?

गोव्यात असा किनारा आहे का? नाहीतर लोणावळ्याला बंगला भाड्याने घेऊन चार मित्रमैत्रिणींनी केलं तर?

गोव्यात कायदेशीर असा एकही नाही. हिप्पींच्या काळातल्या हणजुण्याच्या गोष्टी ऐकून जाऊ नका. भारतीय न्याय संहितेच्या कलम २९६ खाली सार्वजनिक जागी अश्लील कृत्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. खासगी बंगल्याचं वेगळं, पण ‘खासगी’ हा शब्द भिंतीच्या उंचीवर ठरतो. शेजारच्या गच्चीवरून दिसत असेल तर ती जागा खासगी धरली जाईलच असं नाही. बंगल्याच्या रखवालदाराला आणि स्वयंपाकाच्या बाईंना त्या वेळी सुट्टी द्या. त्यांनी हे बघायला संमती दिलेली नाही. मोबाइल दारातच एका डब्यात, अपवाद कुणालाच नाही. संमतीशिवाय गुप्तांगाचा फोटो काढला तर माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६६-ई कलमाखाली तीन वर्षांपर्यंत कैद आहे, आणि अश्लील ठरेल असं काही नेटवर टाकलं तर ६७ वेगळंच लागतं. सगळे प्रौढ, सगळे शुद्धीत. दारू पिऊन दिलेला होकार धरायचा नाही.

जाण्याआधी अंगावरचे केस काढायलाच हवेत का?

नाही. काढायचेच असतील तर आदल्या रात्री वस्तरा लावू नका. ताज्या वस्तऱ्यावर घाम आणि क्लोरीन गेलं की आग होते आणि दुसऱ्या दिवशी केसांच्या मुळाशी लाल पुळ्या येतात. तीन दिवस आधी, ३ मिलिमीटरची पट्टी लावून ट्रिमर फिरवा.